बोनसवरचा एक रुपया

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. आईवडिलांनी काही कमी केलं असं नाही. पण आमगावच्या शाळेतून दहावी झाल्यावर मला वडिलांबरोबर भातगिरणीत न पाठवता पुढे शिकवायचं, हे आत्यानं ठरवलं आणि शेवटपर्यंत निभावलं. ती विड्या वळायची. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्या पदवीमागे किती विड्या आहेत, हे मी एकदा कॉलेजच्या वाचनालयात बसून वहीच्या मागच्या पानावर मोजायला घेतलं होतं. आकडा लाखांत गेला तेव्हा वही मिटली आणि खोलीवर आलो.

आत्याचा एक पत्र्याचा डबा होता. मुळात वनस्पती तुपाचा, वरचं चित्र घासून गेलेलं. तिचा सट्टेदार, म्हणजे कारखान्याच्या वतीनं पानं आणि तंबाखू वाटणारा आणि संध्याकाळी विड्या मोजून घेणारा माणूस, रोज हजार विड्या धरून चालायचा. मजुरी हजारामागे. तेंदूपान मऊ आणि मोठं आलं की तेवढ्याच मालात हजाराच्या वर विड्या निघायच्या. वरच्या विड्या आत्या त्या दिवशी द्यायची नाही, डब्यात टाकायची. पान करपलेलं किंवा भोकाचं आलं की आठशे-साडेआठशेवरच माल संपायचा. मग कमी पडलेल्या ती डब्यातून काढायची. सट्टेदाराच्या वहीत तिच्या नावापुढे महिनोन्महिने हजारच लिहिलेलं असे.

मी सातवीत होतो त्या वर्षी पान सगळंच खराब आलं. एक दिवस आत्या सट्टेदाराला म्हणाली, "आजपासून साडेनऊशे धरा." डबा तर निम्म्याहून जास्त भरलेला होता. तो गेल्यावर मी विचारलं, "आत्या, डब्यात हायेत ना अजून? मंग कमी काहून सांगितलं?"

तिनं मांडीवरच्या विड्यांच्या सुपावरची नजर काढली नाही. "आजच डबा खाली केला तर पुढच्या महिन्यात काय सांगू त्याले? एकदम सातशे? त्याले वाटन, मी तंबाखू विकून राहिली. आनि मलेच सातशेची सवय कशी होईन?"

महिन्याभरानं ती नऊशेवर आली. पुढच्या हंगामात पान सुधारलं तेव्हा मला वाटलं, आता लगेच हजार. पण नाही. तिनं आधी डबा भरला, मग हळूहळू पुन्हा हजारावर गेली. डबा मी कधी रिकामा पाहिला नाही.

मी रायपूरला कॉलेजात आलो तेव्हा तिची मनीऑर्डर दर महिन्याला तेवढ्याच रकमेची यायची. एकदाच पोस्टकार्ड आलं, शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेलं: दोन महिन्यांनी वीस रुपये कमी येतील, आतापासून सवय कर. मला राग आला होता. वीस रुपयांसाठी दोन महिने आधीपासून कशाला रडवायचं, असं वाटलं होतं. त्या कार्डाची किंमत कळायला मला आणखी काही वर्षं लागली.

माझं शेवटचं वर्ष चालू असताना नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. जुन्या इस्पितळात मंत्रालय आलं. समता कॉलोनीत काल ज्या घरात कुणी पापड वाळत घालत होतं तिथे आज कुठल्या तरी कंपनीची पाटी लागलेली असे. गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या मला नोकरी मात्र लगेच मिळाली नाही. त्याच कॉलोनीत एका दवाखान्याच्या वर एका आयुर्विमा कंपनीची शाखा होती. मी तिचा एजंट झालो.

तात्यापारा या रायपूरच्या जुन्या वस्तीत मी एका मराठी घरात भाड्यानं राहायचो. मराठ्यांच्या राज्यापासून ते लोक तिथे. घरमालकीण काकूंची मुलं हिंदीतच उत्तर द्यायची, पण काकू मराठी सोडत नसत. माझी पहिली पॉलिसी त्यांनीच घेतली, मोठ्या मुलासाठी. कागद आला तेव्हा त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, देवापुढे ठेवला आणि माझ्या हातात लाल बॉलपेन दिलं.

"वीस वर्षांनी किती येतील ते तुझ्या हातानं लिही. आणि शेवटी एक टाक. शून्यावर संपलेला आकडा देवापुढे नको."

लग्नाच्या पाकिटात एकशे एक घालतात ना, तसा हा शकुनाचा एक. आकडा कसा काढायचा ते शाखेतल्या एका मुरलेल्या एजंटानं मला शिकवलं होतं. "इस साल का बोनस गुणा बीस, उसमें बीमे की रकम जोड़ दो। ग्राहक खुश, भगवान खुश।" समजा, लाखाची पॉलिसी आहे आणि यंदा हजारामागे साठ रुपये बोनस मिळाला. वर्षाचे झाले सहा हजार, वीस वर्षांचे एक लाख वीस हजार. वर विम्याचे लाख. मी लाल शाईत लिहिलं: दोन लाख वीस हजार एक.

मी गणिताचा पदवीधर होतो. साठ हा आकडा वीस वर्षं साठच राहील असं कुठेही लिहिलेलं नाही, हे मला माहीत होतं. विम्याची रक्कम पक्की असते. बोनस कंपनी दरवर्षी आपल्या कमाईवरून ठरवते. पण काकूंचा चेहरा इतका समाधानी होता की मी गप्प बसलो. पुढे ती माझी रीतच पडली. हळदकुंकू, लाल पेन, शेवटी एक. आत्यासाठी मी माझ्या पहिल्या कमिशनमधून एक छोटी पॉलिसी काढली, तिच्यावरही तेच लिहिलं.

रायपूरबाहेरच्या उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलचा फोरमन मूळचा तुमसरचा होता. मी आमगावचा म्हटल्यावर त्यानं मला नातेवाईकच करून टाकलं. त्याच्या शब्दावर मिलमधल्या एकेचाळीस जणांनी पॉलिसी घेतली. तिथे तर लाल आकड्यासाठी रांग लागली होती. "भैया, मेरे में भी एक डालना, भूलना मत."

आणि मग व्याजाचे दर उतरायला लागले. बँकेच्या ठेवीचा दर पाटीवर खडूनं लिहिलेला असे. दर काही महिन्यांनी तो पुसून खालचा लिहिलेला दिसायचा. पोस्टाचंही तेच. एका वर्षी आमच्या कंपनीचा बोनस हजारामागे थोडा कमी जाहीर झाला. कुणी फार बोललं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा कमी झाला आणि मिलच्या चहाटपरीवर बातमी पिकली की कंपनी बुडते आहे, आजवरचा बोनसही परत घेणार आहे.

फोरमन काका शुक्रवारी तात्यापाऱ्यात आले. चहा घेतला नाही. "सोमवारी सारे पोट्टे तुझ्या आफिसात येऊन राहिले. पालिसी मोडाले. फारम भरून झाले."

"काका, आत्ता मोडली तर भरलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंही हातात नाही यायचं. चौथंच वर्ष आहे."

"ते मले सांगू नको, त्याइले सांग. तुयाच हातचा आकडा हाय त्याइच्या कागदावर."

पैशाचं नुकसान तर होतंच. मला त्याहून भीती वाटत होती ती विमाच जाण्याची. शेजारच्या मिलमध्ये महिन्यापूर्वीच, इंगट म्हणजे तापलेला लोखंडी ठोकळा दाबून सळई काढणाऱ्या रुळांमधून सुटलेली लाल सळई एकाच्या मांडीतून गेली होती. तो वाचला. पण अशा जागी काम करणारी एकेचाळीस माणसं मंगळवारपासून विम्याशिवाय भट्टीसमोर उभी राहणार होती, आणि ती केवळ माझ्या लाल शाईमुळे.

शनिवारी मी शाखेत गेलो. मॅनेजर म्हणाले, "फॉर्म ले लो, बहस मत करो। इकतालीस आदमी चिल्लाएँगे तो नीचे डॉक्टर साहब के मरीज भाग जाएँगे।" पण आमच्या शाखेत निवृत्तीला आलेले एक हिशेबाचे अधिकारी होते. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो आणि विचारलं, बोनस नेमका का कमी झाला?

त्यांनी मला तासभर दिला. लोकांचे हप्ते कंपनी मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतवते, वर्षानुवर्षांसाठी. जुने रोखे जुन्या, चढ्या व्याजावर अजून चालू आहेत. नवे हप्ते मात्र नव्या, कमी व्याजावर जातात. म्हणून एकूण कमाई एकदम कोसळत नाही, वर्षावर्षानं खाली येते. शिवाय चांगल्या वर्षांत जेवढं कमावलं तेवढं सगळं कंपनीनं वाटलेलं नसतं, काही मागे ठेवलेलं असतं. वाईट वर्षांत त्यातलं थोडं घालायचं, म्हणजे बोनसला धक्का बसत नाही. एकदा जाहीर झालेला बोनस पॉलिसीला चिकटला, तो कंपनी काढून घेऊ शकत नाही.

"मग मागे ठेवलेलं आहे, तर कमी का केला?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. "क्योंकि रेट वापस कब चढ़ेगा, किसी को पता नहीं। आज सब बाँट दिया तो जिसकी पॉलिसी पंद्रह साल बाद पूरी होगी, उसको क्या देंगे?"

मी खुर्चीत ताठ झालो. हे वाक्य मी ऐकलेलं होतं. आमगावला, सुपाजवळ बसून, सातवीत. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मला जे कुणी शिकवलं नव्हतं ते मला आधीपासून येत होतं!

रविवारी दुपारी पाळी बदलायच्या वेळेला मी उरल्याला पोचलो. भट्टीपासून दूर, मोटरच्या शेडमध्ये सगळे जमले होते. कुणाच्या हातात पॉलिसी, कुणाच्या हातात भरलेला फॉर्म. काहींच्या पॉलिसीवरचं कुंकू घामानं पसरून लाल आकड्यात मिसळलेलं.

काकांनीच सुरुवात केली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "काय बाबू, हे दोन लाख वीस हजार तर जाऊ दे. वरचा एक रुपया तरी तुयी कंपनी देते का?"

शेड हसण्यानं दणाणली. मलाही हसू आलं.

"नाही देत," मी म्हणालो. "तो आकडा कंपनीचा नाहीच. माझा आहे. यंदाचा बोनस मी वीसनं गुणला. पुढचा बोनस काय असेल ते मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आताही नाही. मी लिहायला नको होतं. चूक माझी."

मागून कुणीतरी म्हणालं, "ले, ये तो मान गया!" आणि पुन्हा हसू.

मी त्यांना आत्याच्या डब्याची गोष्ट सांगितली. हिंदीत, अडखळत. हजार विड्या, खराब पान, साडेनऊशे. तिथले निम्मे लोक विड्या ओढणारे. डब्यात टाकलेल्या विडीची गोष्ट त्यांना समजवावी लागली नाही. पुढे बसलेला एक छत्तीसगढी कामगार म्हणाला, "डब्बा म त बाचे हे, त काबर कम देवत हे?" डब्यात शिल्लक आहे तर कमी कशाला देता? बरोबर माझाच सातवीतला प्रश्न. मी आत्याचंच उत्तर दिलं: आजच रिकामा केला तर पुढे एकदम सातशे होईल.

त्यांच्या चेहऱ्यावर अर्धं पटल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात काका उठले. मोटरशेजारी लोखंडाचा प्रचंड चक्का, म्हणजे जड चाक, फिरत होता, दोन माणसांच्या उंचीचा. ते मला पाठमोरे होऊन चक्क्याकडे बघत राहिले.

"अरे, हे तर आपलं रोजचं हाय," ते म्हणाले. मग पोरांकडे वळून, "लाल इंगट रुळात घुसते तवा मोटरवर लोड येते का नाई? मंग मिल थांबते का? काहून नाई थांबत?"

"चक्का है ना," दोघंतिघं म्हणाले.

"बिना इंगटाची मिल खाली चालते तवा चक्का जोर जमा करते. इंगट आलं का देऊन टाकते. झटका बसत नाई." त्यांनी हात वर केला. "बंद कर रे मोटर."

पाळी संपलीच होती. खटका पडला, मोटरचा आवाज मरत गेला. चक्का फिरतच होता. आम्ही सगळे बघत उभे. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. तो हळू होत होता, पण इतका हळू की कुठल्या क्षणी मंदावला ते सांगता येऊ नये.

"मोटर म्हणजे व्याज," काका म्हणाले. "कमी झालं. चक्का म्हणजे ह्याच्या आत्याचा डबा. समजलं का?"

इथे मी गप्प बसलो असतो तर सगळं जिंकलंच होतं. पण लाल शाई आठवली. मी म्हणालो, "काका, चक्का मोटर नाही. मोटर कमीच राहिली तर चक्का आणखी हळू होईल. पुढच्या वर्षी बोनस अजून उतरू शकतो. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी एवढंच सांगू शकतो की एकदम कोसळू नये अशी सोय आहे, आणि जो आजवर लागला तो जात नाही. आणि काही झालं तर घरच्यांना विम्याची रक्कम पहिल्या दिवसापासून पूर्ण."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आता खरं बोलला पोट्टा. चार वर्षांत पहिल्यांदा."

मग जे झालं ते मला जन्मभर पुरेल. काकांनी आपला भरलेला फॉर्म चार तुकडे करून खिशात घातला, कारण शेडमध्ये कचरा टाकलेला त्यांना चालत नसे. त्यांच्यामागे एकेक जण. कुणी फॉर्मची पुंगळी केली, कुणी त्याच्यात भजी बांधून नेली. मी एका ड्रमवर बसलो आणि एकेचाळीस पॉलिसींवरचा लाल आकडा निळ्या पेनानं खोडला. खाली लिहिलं: विम्याची रक्कम पक्की. आजवर लागलेला बोनस इतका, पक्का. पुढचा बोनस दरवर्षी ठरेल. आणि सही.

शेवटचा कागद झाला तेव्हा काका म्हणाले, "सारं खोडलं. आनि तो एक?"

"कुठला एक?"

"शकुनाचा. कंपनीचा नाई म्हनतो, मंग तुयाच झाला ना? काढ."

एकेचाळीस माणसांनी एकदम हात पुढे केले. मी गेटवरच्या पानठेल्यावर गेलो, पन्नासाची नोट मोडली आणि सुट्टे आणले. प्रत्येकाच्या हातावर एक रुपया ठेवला. जिंकून परत येणाऱ्या संघासारखे ते गेटमधून बाहेर पडले, नाणी वाजवत. ठेलेवाला विचारत होता, आज मिलमध्ये कुणाचं लग्न आहे?

सोमवारी मॅनेजरांनी फॉर्मसाठी वेगळा ट्रे काढून ठेवला होता. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. तीन वाजता एकटे काका जिना चढून आले, बरोबर जावई. "याची पालिसी काढ. कागदावर काई लिहू नको. फक्त एक लिही." मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या ट्रेकडे पाहिलं आणि तो ट्रे स्वतः उचलून कपाटात ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला शाखेतल्या सगळ्या एजंटांसमोर उभं केलं आणि डब्याची गोष्ट सांगायला लावली. मुरलेल्या एजंटानं लाल पेन माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ले भाई, रिटायर कर इसको।"

बोनस त्यानंतरही उतरला, थोडा थोडा. माझे लाल आकडे कुणालाही मिळाले नाहीत. काकूंनासुद्धा नाही, त्यांची पॉलिसी पूर्ण झाली तेव्हा. पण मिलमधून एकही पॉलिसी मोडायला आली नाही. ज्यांच्या पूर्ण झाल्या त्यांच्यापैकी काहींनी मला तो जुना रुपया दाखवला आहे.

त्या सोमवारी संध्याकाळी शाखेतून खाली उतरलो आणि दवाखान्याच्या बाकावर बसून आत्याला पत्र लिहिलं. तिच्या जाण्यानंतर ते तिच्या डब्यात सापडलं, म्हणून इथे जसंच्या तसं देता येतं.

*

रायपूर, सोमवार

आत्या,

वाचून दाखवणारीला सांग, हळू वाच. घाई नाही.

काल मी एकेचाळीस माणसांना तुझ्या डब्याची गोष्ट सांगितली. ते पॉलिसी मोडणार होते. मोडली नाही. आज ऑफिसात पॉलिसी मोडायला एकही माणूस आला नाही, आणि कुणी न आल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. तू सट्टेदाराला साडेनऊशे सांगितलंस तेव्हा मी तुला विचारलं होतं, काहून? तेच त्यांनी मला विचारलं. मी तुझंच उत्तर दिलं. गणित मी कॉलेजात शिकलो, पण हे गणित तुझं आहे.

वीस रुपये कमी येतील असं तू दोन महिने आधी कळवलं होतंस. मी तेव्हा रागावलो होतो, तुला उत्तरही पाठवलं नव्हतं. ते उत्तर आज देतो. तू बरोबर होतीस. त्या दोन महिन्यांत मी सकाळचा नाश्ता सोडायला शिकलो, नंतर एक दिवसही उपाशी राहिलो नाही.

आता एक काम. मी तुझ्या पॉलिसीवर लाल अक्षरात जो आकडा लिहिला तो खोटा आहे. मी मुद्दाम फसवलं नाही, पण खरा नाही. तो खोडून टाक. विम्याची रक्कम पक्की आहे, आजवर लागलेला बोनस पक्का आहे. पुढचा कमी होईल, हळूहळू होईल. आतापासून सवय कर.

शेवटचा एक मात्र खोडू नको. तो माझा आहे. या कागदाला खाली एक रुपया चिकटवला आहे, तो काढून डब्यात टाक.

तुझा
पोट्टा